सिंगापूर की फिनलंड? शाळेची भागीदारी जुळवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी

आमच्या यवतमाळ-वर्धा भागातील काही मुख्याध्यापक सध्या परदेशी अभ्यासदौऱ्याचा विचार करीत आहेत आणि त्यांची चर्चा बहुधा सिंगापूर व फिनलंड या दोन नावांवर येऊन अडते. दोन्हीकडच्या शाळा मी पाहिल्या आहेत आणि आमच्या अनुदानित शाळेची भागीदारी त्यांपैकी एका ठिकाणी जुळली आहे. ज्यांना शाळा पाहून, चार नव्या कल्पना वहीत टिपून परतायचे आहे, त्यांनी खुशाल सिंगापूरला जावे. दौरा आटोपल्यावरही तिकडच्या वर्गाशी आपल्या वर्गाचे काही चालू राहावे, अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी पुढचे लिहीत आहे.

जाण्याच्या सोयीत सिंगापूर उजवे आहे, याबद्दल वाद नाही. अधिकृत एजंटाकडे कागदपत्रे दिली की व्हिसाचे काम घरबसल्या होते. फिनलंडसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांचे ठसे स्वतः हजर राहून द्यावे लागतात, ज्यासाठी आम्ही बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठली होती, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही काढावा लागतो. एकूण खर्च मला सिंगापूरच्या दुपटीच्या आसपास पडला. भाषेचेही तसेच. सिंगापुरात शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे मागच्या बाकावर बसूनही तास समजतो. फिनलंडमध्ये शिक्षक आपल्याशी उत्तम इंग्रजी बोलतात, परंतु वर्ग फिनिशमध्ये चालतो आणि आपण मुलांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधत बसतो.

शिकून येण्यासारखे दोन्हीकडे आहे. सिंगापूरची गणितातील आयताकृती पट्ट्यांची पद्धत आमच्या शिक्षकांनी उचलली आणि ती टिकली. ‘शेताच्या तीन पंचमांश भागात कपाशी, उरलेल्याच्या निम्म्यात तूर’ अशा शाब्दिक उदाहरणांपुढे हात टेकणारी मुले आता आधी पट्टी काढून तिचे भाग पाडतात, आणि मग आकडेमोड करतात. इतके हातात येणारे, दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिता येणारे काही मला फिनलंडमध्ये मिळाले नाही, हे मान्य करायला हवे. तिकडची परीक्षांची विरळता आणि सातव्या वर्षी सुरू होणारी शाळा यांविषयी सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे. त्यातले आपल्या हाती फारसे काही नाही.

मग माझे मन कशाने ठरले? घड्याळाने. दोन्ही वर्गांना व्हिडिओ कॉलवर भेटायचे, तर दोन्हीकडची मुले एकाच वेळी शाळेत हवीत. ही बाब कोणत्याही दौऱ्याच्या माहितीपत्रकात नसते. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आमची शाळा साडेदहाला भरते, तेव्हा तिकडे दुपारचा एक वाजलेला असतो. प्रार्थना, हजेरी होईपर्यंत अकरा वाजतात. पोडांवरची, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरची, आणि लांबच्या गावांची मुले एसटीने येतात, आणि एसटी वेळेवर आली तर तो दिवस आम्ही लक्षात ठेवतो. सगळा वर्ग जागेवर बसून संगणक चालू होईपर्यंत तिकडची प्राथमिकची मुले दप्तरे भरू लागलेली असत. तिकडच्या शिक्षिका अत्यंत सौजन्याने थांबत, पण मुलांना कोण थांबवणार? शनिवारी आमची सकाळची शाळा असते, ती वेळ अगदी जुळणारी, तर शनिवारी तिकडे सुटी. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते तेव्हाही वेळ जुळते, पण ते दिवस आमच्या परीक्षांचे. तेवढ्या एका कारणाने आमचा पत्रव्यवहार हळूहळू शुभेच्छापत्रांवर आला आणि मग तोही थांबला. इतर शाळांचा अनुभव वेगळा असू शकेल.

फिनलंड आपल्या मागे आहे: उन्हाळी वेळेत अडीच तास, हिवाळी वेळेत साडेतीन. आमची मधली सुटी संपून अडीचचा तास सुरू होतो तेव्हा तिकडे ऋतूप्रमाणे बारा किंवा अकरा वाजलेले असतात. त्यांची मुले शाळेत, आमचीही खिचडी खाऊन स्थिर झालेली. या एका तासावर आमची सगळी भागीदारी उभी आहे. तिकडची शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडते, त्यामुळे पोळ्याच्या सुमारास पहिली भेट होते. तान्ह्या पोळ्यासाठी आमच्या मुलांनी सजवलेले चाकांचे लाकडी बैल कॅमेऱ्यासमोर धरले, तेव्हा तिकडच्या मुलांनी वशिंडाची उंची किती, शिंगे वेगळी बसवतात की एकाच लाकडातून कोरतात, असे प्रश्न विचारले आणि पुढच्या काही तासांत आपल्या कार्यशाळेत बर्चच्या लाकडाचे बैल तयार केले. वशिंड जरा मागे सरकले होते. आमच्या एका मुलीने ते लगेच दाखवून दिले.

हे सहज घडले, कारण हस्तकला तिकडे शोभेचा विषय नाही. तिकडच्या प्राथमिक शिक्षणाचे जनक मानले जाणारे उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांतून फिनलंडने १८६६ मध्येच तिला शालेय शिक्षणात सक्तीचे स्थान दिले, आणि आजही मुलगे व मुली दोघेही शिवणकाम व सुतारकाम शिकतात. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, सेवाग्रामला नयी तालीम उभी राहिली, पण टकळी शाळांतून केव्हाच गेली. भेटीला येऊ इच्छिणाऱ्या तिकडच्या शिक्षकांना आम्ही काय दाखवणार, ही चिंता मला होती. त्यांना सेवाग्राम पाहायचे होते, आणि बोंडातून सरकी हाताने कशी वेगळी करतात तेही. सिंगापूरहून कोणी आले असते, तर त्यांना आमच्याकडून काय घेता आले असते, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

फिनलंडच्या बाजूने सगळेच सुरळीत आहे असे नव्हे. एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची झाली की तास तुटतो. जूनअखेर आमची शाळा उघडते तेव्हा तिकडे उन्हाळी सुटी चालू असते. म्हणजे वर्षातले काही महिने संबंध केवळ ईमेलवर राहतो. काही जण म्हणतील की कोठेच न जाता हे करता येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, आणि इतर देशांतील मुलांशी त्यांच्या वर्गाच्या गाठी व्हिडिओ कॉलवरूनच पडल्या होत्या. तेही खरे आहे. मला मात्र समोरच्या शिक्षिकेसोबत एक दिवस त्यांच्या वर्गात घालवल्यावरच पुढचे बोलणे सोपे गेले.

ज्यांची शाळा वर्षभर सकाळच्या सत्रात भरते, त्यांच्यासाठी सिंगापूरचा हिशेब पूर्णपणे बदलतो आणि खर्चही वाचतो. त्यांनी माझे फार मनावर घेऊ नये. साडेदहाच्या शाळांनी मात्र पैसे भरण्यापूर्वी तिकडच्या शाळेकडून तासिकांचे वेळापत्रक मागवावे, आपल्या वेळापत्रकाशेजारी ठेवावे आणि दोन्हीकडची मुले एकाच वेळी वर्गात बसलेली असतील असा एक तास शोधावा. मे महिन्यात, आपल्या सुटीत, दोन्ही देशांतील शाळा चालू असतात, त्यामुळे भेटीची तारीख ठरवणे त्यामानाने सोपे जाते.