जकार्ता इंटरसेप्टर्स : ऑब्जेक्ट तयार होतानाच कोसळलं तर कामाला येणारी सोय

एंटरप्राइझ जावात (आता त्याचं नाव जकार्ता ईई) इंटरसेप्टर, म्हणजे दुसऱ्या कोडच्या आधी-नंतर आपोआप चालणारा कोड, म्हटलं की मेथडभोवती गुंडाळलेलं लॉगिंग किंवा ट्रान्झॅक्शन आठवतं. त्या बाजूबद्दल भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते दुसऱ्या बाजूबद्दल: ऑब्जेक्ट तयार होत असतानाच एक्सेप्शन आलं, तर इंटरसेप्टरला काय काय करता येतं. मी बॅकएंड सपोर्टमध्ये काम करते. सिस्टीम बंद पडली की लॉग सगळ्यात आधी मी उघडते. त्यामुळे हा रिव्ह्यू कोड लिहिणारीचा कमी आणि कोसळलेला कोड वाचणारीचा जास्त आहे.

इंटरसेप्टर २००६ साली ईजेबी (एंटरप्राइझ जावाबीन्स, सर्व्हरवरच्या घटकांचं स्पेसिफिकेशन) ३.० बरोबर आले. पोस्टकन्स्ट्रक्ट म्हणजे ऑब्जेक्ट बनल्यावर कंटेनर (ऑब्जेक्ट बनवून सांभाळणारा सर्व्हरचा भाग) बोलावतो ती तयारीची मेथड; तिच्याभोवती उभं राहायची सोय तेव्हापासूनच आहे, पण खुद्द कन्स्ट्रक्टरमध्ये काय घडतंय ते हाताबाहेर होतं. २०१३ मध्ये जावा ईई ७ बरोबर इंटरसेप्टर्स १.२ आलं आणि त्यात अराउंडकन्स्ट्रक्ट, म्हणजे कन्स्ट्रक्टरभोवतीच उभं राहायची सोय, मिळालं. माझ्या मते या स्पेसिफिकेशनमधली ही सगळ्यात मोलाची भर आहे, आणि तरी ती वापरणारे लोक मला फार थोडे दिसतात.

हे दोन टप्पे वरवर सारखे वाटतात, पण एक्सेप्शन आल्यावर त्यांच्यातला फरक लख्ख दिसतो. अराउंडकन्स्ट्रक्टमध्ये तुम्ही प्रोसीड (मूळ काम पुढे चालू दे) म्हणेपर्यंत ऑब्जेक्ट अस्तित्वातच नसतं. गेटटार्गेट विचारलंत तर नल येतं. मात्र गेटकन्स्ट्रक्टरने नेमका कोणता कन्स्ट्रक्टर चालणार आहे ते कळतं, गेटपॅरामीटर्सने त्याला काय दिलं जातंय ते कळतं. म्हणजे कन्स्ट्रक्टर फसला तर साफ करायला हातात ऑब्जेक्ट नाही, पण कोणता क्लास आणि कोणत्या आर्ग्युमेंट्स घेऊन तो फसला, हे जागेवर नोंदवता येतं. कन्स्ट्रक्टर इंजेक्शन (लागणारी इतर ऑब्जेक्ट्स कंटेनरने कन्स्ट्रक्टरमधून देणं) वापरणाऱ्या टीमसाठी ही एक नोंद पुढची सगळी शोधाशोध वाचवते.

पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये गोष्ट उलटी. इथवर ऑब्जेक्ट तयार असतं, डिपेंडन्सी भरून झालेल्या असतात, गेटटार्गेट खरं ऑब्जेक्ट देतं. समजा एखादा बीन (कंटेनर सांभाळतो ते ऑब्जेक्ट) सुरुवातीला बाहेरच्या सर्व्हरशी सॉकेट उघडतो, मग सेटिंग्जची फाइल वाचतो, आणि फाइल वाचताना एक्सेप्शन येतं. हे ऑब्जेक्ट सेवेत गेलंच नाही, त्यामुळे प्रीडिस्ट्रॉय (ऑब्जेक्ट टाकून देण्याआधीची आवराआवरीची मेथड) चालून सॉकेट बंद होईल या भरवशावर राहता येत नाही. सॉकेट तसंच लटकत राहतं. दर विनंतीला नवा प्रयत्न होत असेल, तर थोड्याच वेळात उघड्या सॉकेटची रांग लागते आणि मशीन भलत्याच कारणाने आजारी आहे असं वाटायला लागतं. इथे इंटरसेप्टर खरोखर उपयोगी पडतो: प्रोसीड ट्रायमध्ये घ्यायचं, एक्सेप्शन पकडलं की टार्गेट ऑटोक्लोजेबल (क्लोज मेथड असलेलं) आहे का पाहायचं, असेल तर क्लोज करायचं, क्लोजनेही एक्सेप्शन टाकलं तर ते अ‍ॅडसप्रेस्डने मूळ एक्सेप्शनला जोडायचं, आणि मूळ एक्सेप्शन पुन्हा फेकायचं. दहा-बारा ओळींचं काम. एकदा लिहिलं की बाइंडिंग (हा इंटरसेप्टर लावा असं सांगणारी खूण) लावलेल्या प्रत्येक बीनला मिळतं.

पुन्हा फेकायचं, हे मी मुद्दाम ठासून सांगतेय. पोस्टकन्स्ट्रक्टचा नियम असा आहे की त्या मेथडने अनचेक्ड एक्सेप्शन टाकलं तर तो क्लास सेवेत घ्यायचा नाही. अपवाद एकच: ते एक्सेप्शन इंटरसेप्टरने हाताळलं असेल तर. या अपवादामुळेच सुरुवातीच्या चुकीतून सावरणं शक्य होतं, आणि याच अपवादामुळे सगळ्यात वाईट बग जन्माला येतात. कोणी कॅचमध्ये फक्त लॉग लिहून परत फिरलं, तर कंटेनरच्या लेखी सगळं आलबेल. अर्धवट भरलेलं ऑब्जेक्ट कामाला लागतं. त्याचा स्कोप (ऑब्जेक्ट किती काळ जगणार याची मर्यादा) अ‍ॅप्लिकेशन असेल तर सर्व्हर बंद होईपर्यंत तेच अर्धवट ऑब्जेक्ट सगळ्यांना वाटलं जातं. मी अशी प्रकरणं उलट्या दिशेने उलगडली आहेत: दुपारी कुठल्या तरी हिशेबाच्या मेथडमध्ये नलपॉइंटर, आणि खरं कारण पहाटेच्या रीस्टार्टच्या लॉगमध्ये एका वॉर्निंगच्या ओळीत, जी तोवर हजारो ओळींखाली गाडली गेलेली. कॅच लिहिणाऱ्याला वाटत असतं आपण सिस्टीम वाचवली. म्हणून माझा साधा दंडक आहे: बीनला अर्धवट अवस्था चालते असं त्याच्या कोडमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर इंटरसेप्टरने एक्सेप्शन गिळायचं नाही.

सीडीआय (जकार्ताची डिपेंडन्सी इंजेक्शनची सोय) वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अ‍ॅप्लिकेशन किंवा रिक्वेस्ट स्कोपच्या बीनऐवजी इंजेक्ट होते ती त्याची प्रॉक्सी, म्हणजे त्याच्या जागी उभं राहणारं बदली ऑब्जेक्ट. खरं ऑब्जेक्ट पहिली मेथड बोलावल्यावर तयार होतं. त्यामुळे इनिशियलायझेशनचं एक्सेप्शन इंजेक्शनच्या जागी येत नाही, एखाद्या निरपराध दिसणाऱ्या ओळीवर येतं. वेल्डमध्ये (सीडीआयची एक अंमलबजावणी) तिथे वेल्ड-०००४९ आणि अमुक मेथड चालवता आली नाही एवढा संदेश दिसतो, खरं कारण स्टॅकट्रेसमध्ये खाली. नवीन मुलं वरची ओळ वाचून त्या निरपराध मेथडमध्ये तासन्‌तास घालवतात. ईजेबीचं सिंगलटन (सगळ्यांसाठी एकच ऑब्जेक्ट असलेला बीन) सुरुवातीलाच फसलं तर पंचाईत अधिक: ते ऑब्जेक्ट टाकून दिलं जातं आणि नंतरच्या प्रत्येक कॉलला नोसचईजेबीएक्सेप्शन मिळतं, ज्यावरून मूळ कारणाचा पत्ता लागत नाही. पहिल्या अपयशाच्या क्षणी इंटरसेप्टरने केलेली नोंद हाच तिथे नीट साक्षीदार.

स्प्रिंग (जावाचं दुसरं प्रचलित फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांना हे वाचून वाटेल, आमच्याकडेही याच कामाचे अ‍ॅस्पेक्ट आहेत. आहेत, पण स्प्रिंगची नेहमीची प्रॉक्सी बीनचं इनिशियलायझेशन झाल्यानंतर गुंडाळली जाते, त्यामुळे पोस्टकन्स्ट्रक्टभोवती ती उभी राहू शकत नाही. तिथे बीनपोस्टप्रोसेसर किंवा अ‍ॅस्पेक्टजे असा वेगळा रस्ता धरावा लागतो. या बाबतीत जकार्ताची रचना मला सरळ वाटते.

गुण कापते ते दोन गोष्टींसाठी. कोडमध्ये कुणी थेट न्यू लिहून ऑब्जेक्ट बनवलं तर इंटरसेप्टर फिरकतही नाही, आणि बाहेरून दोन्ही ऑब्जेक्ट सारखीच दिसतात. दुसरं, क्रम. प्रायॉरिटीचा आकडा लहान तो इंटरसेप्टर आधी, अ‍ॅप्लिकेशनचे २००० पासून पुढे. पण साफसफाई करणारा बाहेर हवा की नोंद करणारा, हे आकड्यांकडे बघून कळत नाही. टीमने हे एका जागी लिहून ठेवलं नाही तर प्रत्येक नवा माणूस अंदाजाने आकडा टाकतो. पाचपैकी चार.

जुन्या प्रोजेक्टवर हे लावणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजचं नाव जावाएक्सचं जकार्ता झालं. एखाद्या बीनमध्ये पोस्टकन्स्ट्रक्टचा जुना इम्पोर्ट राहिला आणि जुनी जार क्लासपाथवर असेल, तर कोड कंपाइल होतो, डिप्लॉय होतो, पण कंटेनर ती मेथड ओळखत नाही आणि बोलावतही नाही. इंटरसेप्टरचा स्वतःचा इम्पोर्ट नवा असेल तर तो चालतो, प्रोसीड शांतपणे परत येतं आणि लॉगमध्ये इनिशियलायझेशन यशस्वी अशी नोंद पडते. मायग्रेशननंतर आधी सगळ्या फाइल्समध्ये जुना इम्पोर्ट शोधा, आणि यशस्वी लिहिण्याआधी बीनला खरंच तयार आहेस का असं विचारणारी एखादी मेथड इंटरसेप्टरमधून बोलवा.