जीएमसी रंगवावी की ओपेल ब्लिट्झ?

दुसऱ्या महायुद्धातल्या ट्रकचं मॉडेल रंगवायचं तर अमेरिकन जीएमसी सरळ: कारखान्यातूनच मॅट ऑलिव्ह ड्रॅब (चमक नसलेला मळकट हिरवा), वर पांढरा तारा. बॉनेटवरचे नोंदणी क्रमांक मात्र आधी मळकट निळे, नंतर पांढरे. तो निळा कृष्णधवल फोटोत जवळजवळ दिसतच नाही, म्हणून क्रमांक नव्हताच असं वाटून फसायला होतं.

जर्मन ओपेल ब्लिट्झचं तसं नाही. १९४३ च्या सुरुवातीपर्यंत गडद राखाडी, मग गडद पिवळा. त्यावर हिरव्या आणि तांबूस तपकिरी रंगाची पेस्ट सैनिकच पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून फवारत. साहजिकच दोन ट्रक सारखे सापडणं कठीण. नंबरप्लेटवर भूदलाला ‘डब्ल्यूएच’, हवाईदलाला ‘डब्ल्यूएल’. हात अजून बसला नसेल तर मी ब्लिट्झच सुचवेन. चुका त्या फवारलेल्या हिरव्या-तपकिरी पट्ट्यांत खपून जातात.