लेनूचा पाचवा नंबर

हा चार पुस्तकांचा संच घ्यावा का, असं मला आतापर्यंत तिघींनी विचारलंय. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते.

एलेना फेरान्तेच्या नेपल्स कादंबऱ्या. मूळ इटालियनमध्ये २०११ ते २०१४, वर्षाला एक. अ‍ॅन गोल्डस्टीन यांचा इंग्रजी अनुवाद मागोमाग वर्षभराच्या अंतराने येत गेला. पहिला भाग 'माय ब्रिलियंट फ्रेंड' मी आधी फोनवर वाचला, मग चारही कागदी प्रती घेतल्या. मिळून सोळाशेच्या वर पानं आहेत, तेव्हा 'एका बैठकीत संपवलं' असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

मुखपृष्ठावर तर मुळीच जाऊ नका. इंग्रजी प्रतीवर पाठमोरे वधूवर, समोर समुद्र. माझ्या नवऱ्याने ते बघून 'प्रेमकथा का?' म्हणून विचारलं होतं. आत मुलगे शाळेबाहेर मुलींना दगड मारतात आणि त्यातली एक मुलगी उलट दगड मारते. ती लीला. (नाव वाचताना ती आपल्याच वर्गातली वाटते, त्याला माझा इलाज नाही.) लीला चांभाराची मुलगी, गोष्ट सांगणारी एलेना ऊर्फ लेनू नगरपालिकेतल्या शिपायाची. दोघी १९४४ च्या, इटलीतल्या नेपल्स शहरातल्या एकाच गरीब वस्तीतल्या. पुढे शिकायचं म्हणून हट्ट धरला तेव्हा बाप लीलाला खिडकीतून बाहेर फेकतो, तिचा हात मोडतो. लेखिका तिथे हुंदका वगैरे काढत नाही, पुढे जाते.

मुलींच्या मैत्रीवर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. बहुतेक ठिकाणी एक जण मोडते, दुसरी सावरते आणि शेवटी दोघी गळ्यात पडतात. इथे तसं नाही. इथे मैत्रीण म्हणजे फूटपट्टी. मी किती उंच झाले हे बघायचं तर तिच्या शेजारी उभं राहायचं. आणि तिची उंची वाढली की पोटात गोळा येतो.

एक प्रसंग सांगते. वस्तीतल्या वाचनालयात सर्वांत जास्त पुस्तकं नेणाऱ्यांना बक्षिसं जाहीर होतात. तोपर्यंत लीलाची शाळा सुटलेली आहे, लेनू शिकतेय. पहिलं बक्षीस लीलाला. दुसरं तिच्या वडिलांना, तिसरं आईला, चौथं भावाला. पाचवं लेनूला. घरात बाकी कोणी पुस्तक उघडत नाही. चारही कार्डांवर एकटी लीला वाचत होती. हसू येतं, आणि लगेच लेनूच्या जागी आपण जाऊन बसतो. शाळेत जाणारी मी, आणि नंबर पाचवा.

मी त्या जागी बसलेली आहे. सातवी ते दहावी माझ्या बाकावर जी होती, तिचा गणिताचा पेपर मी आधी बघायचे, मग माझा. तिला दोन मार्क कमी असले की मधल्या सुट्टीत मी तिच्याशी फार गोड वागायचे. हे मी कधी कोणाला बोलले नव्हते. पुस्तक वाचून निदान लिहिता तरी आलं.

म्हणूनच २०२४ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या एकविसाव्या शतकातल्या शंभर पुस्तकांच्या यादीत हा पहिला भाग पहिला आला, तेव्हा गंमत वाटली. नंबर लावण्याच्या खोडीवरच तर सगळं पुस्तक उभं आहे.

'ब्रिलियंट फ्रेंड' कोण, हे अर्थातच आपण पहिल्या पन्नास पानांत ठरवून टाकतो. लीला, दुसरं कोण? मग तिच्या लग्नाची सकाळ येते. ती सोळा वर्षांची आहे. लेनू तिला आंघोळ घालते, केस धुते. अंग चोळताना लेनूच्या मनात जे येतं त्यात माया आहे, मत्सर आहे, आणि नाव नसलेलंही काही आहे. तिथे लीला तिला सांगते की काही झालं तरी शिकत राहा, आणि ते शीर्षकातले शब्द लेनूलाच लावते. मी पान उलटं फिरवून परत वाचलं. माझ्या मुलीने नंतर तेच पान वाचून विचारलं, "आई, हिला ती आवडते की हिला तिचा राग येतो?" मी म्हटलं, पुढे वाच.

अनुवादाबद्दल. पात्रं नेपल्सच्या बोलीत भांडतात, पण ती बोली पानावर फारशी येत नाही. 'ती बोलीत म्हणाली' एवढंच येतं. आधी मला ही पळवाट वाटली. नंतर कळलं की लेनूला शिकून मिळालेली भाषा प्रमाण इटालियन आहे, ती घरचं भांडणही शाळेच्या भाषेत सांगतेय. घरी एक आणि फळ्यासमोर एक अशी जीभ ज्यांनी बदललीय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

तक्रारी आहेतच. निनो नावाच्या मुलापायी दोन हुशार बाया जितकी पानं घालवतात तितकी माझ्या सहनशक्तीबाहेरची होती. दुसऱ्या भागातल्या बेटावरच्या उन्हाळ्यात मी चक्क पानं गाळली. तिसऱ्या भागात सभा आणि चळवळी लांबतात, पण लीलाच्या कारखान्यातल्या नोकरीचा भाग गाळू नका.

ई-बुक घेऊ नका, हे मात्र ठामपणे सांगते. सुरुवातीला घराण्यांनुसार पात्रांची यादी आहे आणि ती सारखी लागते, कारण लीलाचा भाऊही रिनो आणि मुलगाही रिनो. फोनवर मागे-पुढे करता करता मी दोनदा वाचायची जागा हरवली. कागदावर तिथे बोट घालून ठेवता येतं. माझ्या तिसऱ्या भागाची पानं दुसऱ्याच वाचनात सुटली, तर प्रत हातात घेऊन शिवण बघता आली तर बघा.

आणि पहिला भाग एकटा आणू नका. तो लग्नाच्या जेवणात, एका पाहुण्याच्या पायातल्या बुटांवर संपतो. मी तिथे रात्री साडेअकराला पोहोचले, दुसरा भाग घरात नव्हता.