काउंटर-स्ट्राइक २ की व्हॅलोरंट?

संगणकावरचे हे दोन्ही गोळीबाराचे गेम फुकट, दोन्हींत पाच विरुद्ध पाच, आधी १३ फेऱ्या जिंकेल तो संघ विजयी. फरक हाताला जाणवतो.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये एके-४७ च्या गोळ्या आधी वर चढतात, मग आडव्या सरकतात. हा नमुना दर वेळी तोच, म्हणून तो घोटून बसवता येतो. डावीकडे धावताना थांबायला उजवीकडे जायची कळ क्षणभर दाबा, नाहीतर गोळी भलतीकडेच जाते. नवखे इथेच मार खातात. धूरबॉम्बच्या धुराचं काम तर अप्रतिम: हातबॉम्ब टाकला की धूर क्षणभर फाटतो आणि पलीकडचा दिसतो.

व्हॅलोरंटमध्ये लांब स्प्रे (सलग गोळीबार) आडवा कसा वळेल याचा नेम नाही, तेव्हा दोन-चार गोळ्यांत काम संपवा. व्हँडल या रायफलची डोक्यात एक गोळी कुठल्याही अंतरावरून पुरते. पण प्रत्येक एजंटच्या (खेळातल्या पात्राच्या) क्षमता पाठ हव्यात.

जुना, साधा लॅपटॉप असेल तर व्हॅलोरंट. मात्र विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या संगणकातल्या सुरक्षा सोयी चालू हव्यात. काउंटर-स्ट्राइकला ८५ जीबी जागा लागते, प्रीमियर या स्पर्धात्मक प्रकारासाठी प्राइम हा दर्जा विकत घ्यावा लागतो.

एकट्याने तासन्‌तास नेम घोटायची तयारी असेल किंवा लिनक्स असेल, तर काउंटर-स्ट्राइक. मित्रांची टोळी आणि डावपेचांची हौस असेल, तर व्हॅलोरंट.