‘ॲप तपासण्याची नोकरी’ आणि पोलिसांचं पत्र

जर्मनीत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. माझा भाचा माग्डेबुर्गला मास्टर्स करतो. त्याच्या खिशातून एक युरोही गेला नाही, तरी तो पुरता फसवला गेला, आणि वर गुन्ह्याचा संशय त्याच्यावरच आला.

व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो सुटतात. भाडं आणि आरोग्य विमा भरला की हातात फारसं उरत नाही, म्हणून तो पार्टटाइम काम शोधत होता. जाहिरात आली: घरबसल्या बँकांची ॲप तपासा, सेवा कशी वाटली ते लिहून द्या. जर्मन भाषेत रीतसर करारपत्र आलं. त्यांनी पासपोर्टची आणि रेसिडेन्स परमिटची प्रत मागून घेतली. सुरुवातीची कामं अगदी साधी होती. मग सांगितलं, एका ऑनलाइन बँकेत चाचणी म्हणून खातं उघडा, नंतर आम्ही ते बंद करू.

व्हिडिओ कॉलवर बँकेच्या माणसाने पासपोर्ट तिरका धरायला लावला, होलोग्राम बघितला आणि स्पष्ट विचारलं, “खातं स्वतःसाठीच उघडताय ना? नोकरीसाठी म्हणून कुणी उघडायला सांगितलं नाही ना?” या प्रश्नाचं उत्तर त्या भामट्यांनी आधीच पढवून ठेवलं होतं: ‘स्वतःसाठी’ म्हणा, नाहीतर चाचणी बाद होईल. अर्जातला मोबाइल नंबर आणि ईमेल त्यांचा होता. त्यामुळे पासवर्ड, कोड सगळं थेट त्यांच्या हातात गेलं. बँकेने तो प्रश्न विचारला की तिथेच कॉल तोडा. खऱ्या नोकरीत कुणी तुम्हाला बँकेशी खोटं बोलायला लावत नाही.

पुढे त्या खात्यात एका बनावट ऑनलाइन दुकानाचे पैसे जमा होऊ लागले. स्वस्तात कॉफी मशिन, वॉशिंग मशिन मिळेल म्हणून लोकांनी आगाऊ रक्कम भरली, माल कुणालाच मिळाला नाही. काही महिन्यांनी दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांचं पत्र आलं: मनी लाँडरिंगचे संशयित म्हणून आपलं म्हणणं मांडा.

“मामा, मी काहीच केलेलं नाही. सगळं सविस्तर लिहून पाठवतो,” असं तो म्हणाला. मी त्याला थांबवलं. संशयिताला गप्प राहण्याचा हक्क आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख अशी स्वतःची ओळख सांगणारी माहिती तेवढी भरून द्यावी लागते. बाकीचं वकिलाने केसची कागदपत्रं मागवून वाचल्यावरच लिहावं. घाईत लिहिलेलं एखादं वाक्य तुमच्यावरच उलटू शकतं.

कारण जर्मन दंडसंहितेचं कलम 261 कडक आहे. जाणूनबुजून केलेल्या मनी लाँडरिंगला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. पैसा गुन्ह्यातला आहे हे ठाऊक नव्हतं, पण ते ढळढळीत दिसत असूनही दुर्लक्ष केलं, असं ठरलं तरी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्याने सुटका होईलच असं नाही. शिवाय ज्यांचे पैसे बुडाले ते खातेदाराकडे भरपाई मागू शकतात. तसा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2012 सालीच दिला आहे.

दंड दिवसांच्या हिशोबाने लावतात. महिन्याला निव्वळ 900 युरो मिळत असतील तर एका दिवसाचे साधारण 30 युरो, आणि 90 दिवसांचा दंड म्हणजे 2,700. हा 90चा आकडा लक्षात ठेवा. पहिल्याच शिक्षेत दंड 90 दिवसांच्या वर गेला, तर नोकरीसाठी लागणाऱ्या पोलिसांच्या दाखल्यावर त्याची नोंद येते.

मला सर्वात जास्त काळजी व्हिसाची वाटत होती. तपास सुरू झाला की ती माहिती परदेशी नागरिक कार्यालयाकडे जाते, आणि निकाल लागेपर्यंत परमिटच्या नूतनीकरणाचा निर्णय सहसा अडकून राहतो. या काळात भाचा तात्पुरत्या कागदावर राहत होता. आई आजारी असूनही नाशिकला जाऊन यायला धजावत नव्हता.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अशा प्रकरणात सुनावणी न होताच न्यायालयाचा दंडाचा आदेश पोस्टाने घरी येऊ शकतो. तो पिवळ्या पाकिटात येतो आणि पोस्टमन पाकिटावर तारीख घालतो. आक्षेप घ्यायला त्या तारखेपासून फक्त 2 आठवडे मिळतात. तुम्ही दिवाळीला भारतात असलात आणि पाकीट पेटीत पडून राहिलं, तरी मुदत चालूच असते. ती टळली की आदेशाला निकालाचं बळ येतं. म्हणून सुट्टीवर जाताना कुणाला तरी टपाल उघडून फोटो पाठवायला सांगून जा.

भाच्याने ती जाहिरात, करारपत्र आणि सगळ्या चॅट जपून ठेवल्या होत्या. त्यांच्याच जोरावर वकिलाने बाजू मांडली आणि पुराव्याअभावी तपास बंद झाला. अशा वेळी वकिलाची फी सरकार देत नाही, ती आम्हीच भरली.

असं काम कुणी केलं असेल तर आजच त्या बँकेला कळवून खातं गोठवून घ्या, पोलिसांत स्वतः तक्रार द्या आणि शुफाकडून (लोकांच्या खात्यांची आणि कर्जांची नोंद ठेवणारी जर्मन कंपनी) आपल्या नोंदींची मोफत प्रत मागवा. आपल्या नावावर आणखी कुठे खाती उघडली आहेत का, याचा अंदाज त्यातून येतो. भाच्याच्या नावावर असं आणखी एक खातं निघालं.