शिवसुमन जरूर घ्या, रास्ना तिथेच राहू द्या

पाचपैकी अडीच स्टार. नर्सरी छत्रपती संभाजीनगरच्या जवळच आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असा माल आणखीही ठिकाणी दिसतो.

मोगरा, जास्वंद, फळझाडं यांत नाव ठेवायला जागा नाही. गांडूळखत भुसभुशीत, बिनवासाचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रोपं टवटवीत ठेवणं सोपं नाही, ते यांना जमतं. माझी तक्रार आहे शेडनेटमधल्या 'रेअर' कोपऱ्याबद्दल.

तिथे शिवसुमन होतं. जुन्नर-शिवनेरीच्या कड्यांवरचं, महाराष्ट्राबाहेर निसर्गात कुठेच न सापडणारं. कुंडीतून काढून दाखवायला लावलं: कोकोपीट, पांढरी कोवळी मुळं, खोडावर कात्रीचा स्वच्छ छाट. म्हणजे फांदी लावून केलेलं रोप. फांदीवर ते सहज येतं, कड्यावरून उपटायची गरजच नाही. सगळ्यांत दुर्मीळ झाड, आणि व्यवहार सगळ्यांत चोख!

शेजारी रास्ना टांगलेली. आंब्या-बाभळीवर वाढणारं आपलं ऑर्किड. काथ्याला सुतळीने आवळलेली, मुळांना अजून बाभळीची साल चिकटलेली, निम्मी मुळं तुटून काळी पडलेली. विचारलं तर मालक कौतुकाने म्हणाले, "ताई, एकदम ओरिजिनल. गौताळ्याकडची, जंगलातली." अहो, गौताळा अभयारण्य आहे!

ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, पोटात शिदोरी नसलेलं. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं, मग फुलावर यायला काही वर्षं. फांदीवरचा झुबका ओरबाडला की ती जागा लवकर भरत नाही. आणि एवढं करून ही तुटक्या मुळांची रास्ना मे महिन्यात आपल्या बाल्कनीत कितपत तग धरणार?

ट्रेमध्ये कंदीलपुष्पाचे कंदही होते, मुरूम लागलेले. फूल नसताना हा वेल गवतात ओळखू येत नाही, म्हणून फुलावर असतानाच खणतात. बी पडायच्या आत वंश संपला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने याच कुळातल्या दुर्मीळ जाती बागेत वाढवून दाखवल्यात, म्हणजे दुसरी वाट नाही असंही नाही.

मी दोन शिवसुमनं आणि खत घेतलं. रास्नेच्या बिलावर 'गौताळ्यातून आणलेली' असं लिहून द्याल का, एवढंच विचारलं. अभयारण्यातून परवानगीशिवाय झाड काढणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगितलं. मालक हसले आणि गुलाब बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले.