एनडीए लेखी परीक्षेसाठी जुन्या छपाईची एनसीईआरटी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो: एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेसाठी पुस्तकं एनसीईआरटीचीच (केंद्रीय अभ्यासक्रमाची) घ्या, पण नवी नको, जुनी घ्या. इंदूरमध्ये राहणाऱ्यांना हे अवघड नाही. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत थोडं धुंडाळलं की सापडतात. फक्त घेताना काय बघायचं ते माहीत हवं.

2022-23 पासून एनसीईआरटीने अभ्यासक्रम हलका केला आणि बरीच प्रकरणं गाळली. ही परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीने एनडीएचा अभ्यासक्रम मात्र हलका केलेला नाही. म्हणून नवी कोरी पुस्तकं पानन् पान संपवलेला मुलगा पेपरात द्विपद वितरणाच्या प्रश्नावर अडकतो, आणि आपलं काय वाचायचं राहिलं तेच त्याला कळत नाही.

दुकानात उभ्या उभ्या तपासायचं असं. अकरावीच्या गणिताची अनुक्रमणिका उघडा: 16 प्रकरणं असतील तर जुनं, 14 असतील तर नवं. बारावीत ही युक्ती चालत नाही, कारण दोन्हीकडे 13 च प्रकरणं आहेत. तिथे भाग दोन उघडायचा. अकराव्या प्रकरणात प्रतल आहे का आणि तेराव्याच्या शेवटी बर्नूली चाचण्या व द्विपद वितरण आहे का, एवढं पाहायचं. दोन्ही असेल तर पान फाटकं असलं तरी चालेल. मागच्या मालकाने उत्तरं पेन्सिलीने लिहिली असतील तर खोडून घ्या. पेनाने लिहिली असतील तर ती प्रत नको, सरावाचा कस निघून जातो.

जुनं पुस्तकही पुरतं असं नाही. तीन खड्डे राहतातच. पहिला द्विमान पद्धतीचा: दशमान संख्या द्विमानात न्या, किंवा उलट. एक संध्याकाळ पुरते. 45 म्हणजे 32+8+4+1, म्हणून 101101. अशी वीस उदाहरणं केली की हात बसतो. दुसरा खड्डा गोलाच्या समीकरणाचा. वर्तुळाचं समीकरण पक्कं असेल तर यात नवीन फारसं नाही. तिसरा जरा खोल आहे, सहसंबंध (कोरिलेशन) आणि समाश्रयण (रिग्रेशन). सहसंबंध अकरावीच्या अर्थशास्त्राच्या सांख्यिकी पुस्तकात मिळतो, जे विज्ञान शाखेच्या मुलांनी कधी हातात धरलेलं नसतं. समाश्रयणासाठी कुठलंही गाईड चालेल, पण तीन गोष्टी पाठ हव्यात: दोन्ही रेषा सरासरींच्या बिंदूत छेदतात, दोन समाश्रयण गुणांकांचा गुणाकार म्हणजे आर (सहसंबंध गुणांक) याचा वर्ग, आणि दोन्ही गुणांक ऋण असतील तर आरही ऋण. गुणांक 0.8 आणि 0.2 दिले तर गुणाकार 0.16, म्हणजे आर 0.4. असा प्रश्न पंधरा सेकंदांत सुटतो आणि उरलेला मिनिट कलनाला मिळतो.

उंची आणि अंतर दहावीच्या पुस्तकात आहे. बारावीत शिकणाऱ्याला दहावीचं पुस्तक उघडायची लाज वाटते, म्हणून हमखास मिळणारे गुण जातात.

आता वेळ. गणिताचे 120 प्रश्न, 300 गुण, अडीच तास. म्हणजे प्रश्नाला 75 सेकंद. कॅल्क्युलेटर नाही. दुसरा पेपर सामान्य क्षमतेचा: 150 प्रश्न, 600 गुण, तेवढाच वेळ. गणितात बरोबर उत्तराला 2.5, चुकीला 0.83 वजा. चारही पर्यायांत आंधळा अंदाज केला तर सरासरीने हाती शून्यच राहतं; ना नफा ना तोटा. एक पर्याय नक्की चूक म्हणून खोडता आला तर अंदाज फायद्यात जातो, दोन खोडले तर सोडणं हाच मूर्खपणा. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासेसमधून 'शंका असेल तर सोडा' असं सरसकट ऐकू येतं. त्यापेक्षा हा हिशोब कामाचा आहे.

ओएमआरचा, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेचा, सराव बहुतेकजण टाळतात. एक गोळा नीट भरायला पाच-सहा सेकंद लागतात. 120 गोळ्यांना दहा-बारा मिनिटं. ती वेगळी धरली नाहीत तर शेवटचे प्रश्न सुटूनही कोरे राहतात. नेहमीचा अपघात म्हणजे 37 वा प्रश्न सोडायचा आणि 38 चं उत्तर 37 च्या ओळीत भरायचं. काळ्या बॉलपेनने भरलेलं खोडता येत नाही, पुढची सगळी रांग सरकते. उपाय सोपा: पुस्तिकेचं एक पान सोडवलं की त्या पानाचे गोळे लगेच भरा, आणि सोडलेल्या प्रश्नाला पुस्तिकेत मोठी फुली मारा. पुस्तिकेची मालिका (ए, बी, सी, डी) आणि रोल नंबर सगळ्यात आधी. त्यात चूक झाली तर उत्तरपत्रिका बाद होऊ शकते.

दोन्ही पेपर एकाच दिवशी असतात, एक सकाळी आणि एक दुपारी. म्हणून सराव रविवारी, त्याच वेळांना, मध्ये दाल-बाफले न खाता. इंदूरकरांना ही अट सगळ्यात जड जाते. दुपारचा पेपर डुलक्या घेत सोडवला की इंग्रजीत चुका वाढतात.

दुपारच्या पेपरातल्या सामान्य ज्ञानाच्या 400 गुणांत भौतिकशास्त्राचा वाटा 25 टक्के, रसायन 15, सामान्य विज्ञान 10, इतिहास 20, भूगोल 20, चालू घडामोडी 10. म्हणजे मासिकांमध्ये जाणारे महिने 40 गुणांसाठी असतात. इतिहासात इथल्या मुलांना होळकर आणि इंग्रजांमधली महिदपूरची लढाई आणि मंदसोरचा तह आजी-आजोबांकडून ऐकून माहीत असतात, पण 1802 चा वसईचा तह कुणी केला ते विचारलं की गप्प.

मराठी घरांसाठी एक इशारा. पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो. घरी कुणी रसायन मराठीतून समजावत असेल तर 'क्षार' या शब्दाने घात होतो: मराठीत क्षार म्हणजे मीठ ज्या वर्गात बसतं तो पदार्थ, ज्याला हिंदीत लवण म्हणतात, हिंदीतला क्षार आपल्याकडे अल्क. आम्ल, क्षार, लवण अशा जोड्या लावायला आल्या की बरोबर समजलेलं उत्तर चुकीच्या गोळ्यात जातं. वहीत तिन्ही भाषांचे स्तंभ करून अशा शब्दांची यादी ठेवा, दीड पानापेक्षा मोठी होत नाही.

जुन्या पेपरांची उत्तरं तपासताना यूपीएससीची स्वतःची उत्तरसूचीच वापरा. ती अंतिम निकालानंतर येते, त्यामुळे अगदी ताज्या पेपरची मिळणार नाही. बाजारातल्या सूच्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि चुकीच्या सूचीवर बरोबर पद्धत सोडून दिलेली मुलं आहेत. म्हणून ताजा पेपर शेवटच्या महिन्यापर्यंत न उघडता ठेवा.